कामिल जब्बार, उजेडवाला

आमच्या मोहल्ल्यात येऊन कोणी "कामिल जब्बार कुठं राहतात?" असं विचारलं, की आम्ही उलट विचारायचो, "कुठला हवाय? फाडणारा, अडवणारा, वाजवणारा, की उजेडवाला?"

फाडणारा म्हणजे सर्जन डॉक्टर कामिल जब्बार. निम्म्या बसऱ्याची अपेंडिक्सं त्याच्या हातून निघालेली आहेत. अडवणारा म्हणजे गोलकीपर. त्यानं एकदा बगदादच्या संघाची पेनल्टी अडवली होती. त्याला वीस वर्षं झाली, तरी चहाच्या दुकानात त्याला अजून पंख्याखालची खुर्ची मिळते. वाजवणारा म्हणजे ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा उस्ताद, त्याचं नाव रेडिओवर यायचं. तिघंही कालव्याच्या अलीकडच्या चार गल्ल्यांतले. कामिल काय आणि जब्बार काय, आमच्याकडे पायलीचे पन्नास. आणि उजेडवाला म्हणजे माझा शेजारी.

सरकारी वीज आमच्याकडे तोंड दाखवायला येते आणि लगेच जाते. ती गेली, की गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपटात कामिलचा जनरेटर धडधडायला लागायचा. तिथून प्रत्येक घरात वायर गेलेली. कोणी दोन अँपिअर घेतलेले, कोणी पाच. डॉक्टरच्या दवाखान्यातला फ्रीज, गोलकीपरचा टीव्ही, उस्तादाच्या शिकवणीतला पंखा, माझं शिवणयंत्र, सगळं त्याच्या जिवावर. जुलैत शर्जी सुटते, तो समुद्राकडचा ओला, चिकट वारा. त्या दिवसांत पंखा पाच मिनिटं थांबला तरी माणसं कामिलच्या सात पिढ्या उद्धरायची. तो चालू असला की मात्र त्याची आठवणसुद्धा कोणाला नाही.

आणि हा माणूस एका जागी बसेल तर शपथ. चहा उभ्यानं प्यायचा. जेवताना घास तसाच हातात धरून कान टवकारायचा. आमच्या गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून मला म्हणायचा, "उम्म नजम, ऐकलंस? तिसरा सिलिंडर खोकतोय."

"मला खोकल्याचं काय विचारतोस? डॉक्टर तो दुसरा."

"चेष्टा करू नकोस गं. सकाळपासून जिवाला घोर लागलाय."

लग्न राहिलं ते त्यामुळेच. एकदा मीच एक चांगली मुलगी पाहिली होती. मुलीच्या घरी सरबत आलं आणि नेमके दिवे गेले. हा उठला, "फ्यूज बघून येतो" म्हणाला आणि आत-बाहेर करता करता त्यांच्या अख्ख्या गल्लीच्या तारा सारख्या करून थेट घरी आला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले, तर मुलीच्या बापानं मला दारातून परत पाठवलं. त्या दिवशी मी कामिलला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नावापायी त्याला छळ कमी नव्हता. बायका त्याच्या खोपटाशी येऊन पोटदुखी सांगायच्या. तो हात पुसत म्हणायचा, "बाई, मी फक्त इंजिनाची पोटं उघडतो." गोलकीपरनं एका सामन्यात चार गोल खाल्ले, तर दुसऱ्या दिवशी खोपटाच्या पत्र्यावर दगड पडले. उस्तादाला मानपत्र मिळालं तेव्हा हाराची टोपली याच्या दारी आली आणि तासाभरानं परत गेली. त्यावर तो हसला नाही. "नाव बापानं दिलंय मला, पण राहतोय मी त्यात भाड्यानं," असं म्हणाला आणि डिझेलचा डबा उचलून निघून गेला.

त्याची आई वारली तेव्हा तर कहरच झाला. आमच्याकडे माणूस गेलं की भिंतीवर काळं कापड लावून त्यावर नाव लिहितात. पुरुषाचं नाव लिहितात, म्हणजे. बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं. तिला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची, मी उम्म नजम म्हणजे नजमची आई, तशी ती उम्म कामिल. कापडावर लिहिलं, "जब्बार यांची पत्नी, कामिल जब्बार यांची आई." झालं! निम्मे लोक डॉक्टरकडे सांत्वनाला गेले. काही गोलकीपरच्या घरी जाऊन रडायला लागले. त्याची आई तेव्हा ओट्यावर भेंडी चिरत होती. तिनं सुरीसकट उठून त्यांना हाकललं. इकडे कामिलच्या मांडवात कडू कॉफी थंड झाली. त्या माउलीला मी माझ्या हातांनी आंघोळ घातली होती, कफन मी शिवलं होतं. त्या कापडाकडे बघून मला असा संताप आला की ते फाडून टाकावंसं वाटलं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आता जे सांगते ते मागच्या जुलैतलं.

त्या सोमवारी सकाळी कामिल पिकअपमध्ये डिझेलची दोन पिंपं घालून येत होता. पुलाजवळच्या नाक्यावर त्याला अडवलं, कार्ड मशीनमध्ये घातलं, आणि मशीननं सांगितलं की कामिल जब्बार हसन हवा आहे. चोरटं डिझेल होड्यांतून पळवणारा, तीन वर्षांपासून बेपत्ता. पाचवा कामिल! बापाचं नाव तेच, आजोबाचं नाव तेच, आणि आमच्या शहाण्याच्या गाडीत डिझेल. शिपायांनी त्याला तिथून सरळ तपासणी कचेरीत नेऊन कोंडलं. गुरुवारी बारा वाजता बगदादला गाडी जाणार होती, संशयितांना घेऊन. एकदा बगदादला गेलेला माणूस कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही. आमच्या मागच्या गल्लीतला एक नुसत्या नावापायी चौदा महिने आत राहिला आणि परत आला तो कोणाशी बोलेनासा झाला.

सोमवारी दुपारी गल्लीतले पंखे थांबले. मंगळवारी माणसं गच्चीवरून एकमेकांवर ओरडायला लागली. डॉक्टरच्या फ्रीजमधली औषधं बर्फात ठेवावी लागली. "अरे, त्याला सोडवा कोणीतरी!" असं सगळे म्हणत होते, आणि त्यातले किती कामिलसाठी म्हणत होते आणि किती पंख्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी मात्र मंगळवारी, बुधवारी कचेरीच्या फाटकाशी जाऊन बसले. बायकांसाठी तिथं पत्र्याची एक शेड आहे. आत सोडत नव्हते. बुधवारी एका शिपायाला दया आली आणि त्यानं गजांतून पाच मिनिटं भेटू दिलं. कामिल चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होता.

"उम्म नजम, तेल बदलायचं राहिलंय इंजिनाचं."

"मर मेल्या! तुला बगदादला नेतायत."

"माहितीय," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच थांबला. "इथं काहीच वाजत नाही गं. ऐकायला काही नाही. मला वेड लागेल."

मी त्याच्याकडे पाठ केली, कारण मला रडू येत होतं आणि ते मला त्याला दाखवायचं नव्हतं.

शेडमध्ये माझ्या शेजारी रोज एक म्हातारी बसायची. अबू अल-खसीबच्या खजुरांच्या बागांतून दोन गाड्या बदलून यायची. मांडीवर गाठोडं, त्यात इस्त्री केलेला पांढरा दिशदाशा, पायघोळ सदरा. आम्ही एका बाटलीतलं पाणी प्यायलो, तिनं मला खजूर दिले.

"तुझं कोण आहे आत?" तिनं विचारलं.

"शेजारी. तुमचं, हाजीबाई?"

"मुलगा. तीन वर्षं पत्ता नव्हता. नदीनं खाल्ला म्हणायचे लोक. आता ऐकलं की पकडलाय." पकडलाय हा शब्द तिनं असा म्हटला, जसं कोणी म्हणावं की नातू झालाय. "तुरुंगात असला म्हणजे जिवंत आहे ना? जेवायला तरी घालत असतील."

मी शिवणकाम करणारी बाई, माझी नजर कापडावर जाणारच. सुंदर टीप होती. माणूस उंच असणार, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं.

गुरुवारी सकाळी शेवटी मोठे लोक हलले. डॉक्टर, गोलकीपर आणि उस्ताद, तिघंही डॉक्टरच्या गाडीतून कचेरीत आले. त्यांना सलाम झाले, खुर्च्या मिळाल्या. मी त्यांच्या मागून आत घुसले आणि मेजरच्या दाराशी उभी राहिले. एवढी मोठी माणसं पुढे असल्यावर मला कोण अडवतंय? कामिलला आणून भिंतीशी उभं केलं होतं. मेजर गजवान तरुण होता, डोळे तांबारलेले, समोर फायलींचा ढीग.

"साक्षीदार? नाव सांगा."

"डॉक्टर कामिल जब्बार."

"तुमचं?"

"कामिल जब्बार," गोलकीपर म्हणाला.

"आणि तुमचं?"

उस्तादानं घसा साफ केला. "कामिल जब्बार."

मेजरनं पेन खाली ठेवलं. "माझी चेष्टा करायला आलात का?"

"नाही साहेब, आमच्या मोहल्ल्यात..."

"तुमचा मोहल्ला मरू दे. ऐका नीट." त्यानं एक कागद वर धरला. "हवा असलेला माणूस: कामिल जब्बार हसन, आईचं नाव रसमिया. याच्या कार्डावर आईचं नाव वेगळं आहे. पण असली कार्डं बाजारात छापून मिळतात. तुमच्या भागाचं जुनं दप्तर लुटालुटीच्या वर्षी जळालं, याचं कार्ड नंतरचं, तोंडी माहितीवर केलेलं. मला फक्त एवढंच सांगा. याला लहानपणापासून ओळखता ना? याच्या आईचं नाव काय?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"उम्म कामिल," डॉक्टर म्हणाला.

"तुमच्या स्वतःच्या आईला लोक काय म्हणतात?"

"उम्म कामिल."

"माझ्या आईलाही," गोलकीपर हळूच म्हणाला.

"डॉक्टर, तुम्ही त्या बाईवर कधी उपचार केले नाहीत?"

"पित्ताशयाचं ऑपरेशन केलं होतं," डॉक्टरनं मान खाली घातली. "कागदावर आम्ही 'जब्बार यांची पत्नी' असं लिहिलं होतं."

मला तिथं राहवेना. तिघं नावाजलेले पुरुष, आणि चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचा भात खाल्ला तिचं नाव त्यांना ठाऊक नाही! आणि तो भिंतीशी उभा असलेला गाढव, तो तरी तोंड उघडेल? मेजरनं त्याला विचारलं तेव्हा त्यानं कार्डाकडे बोट दाखवलं. जीव जायची वेळ आली तरी चारचौघांत आईचं नाव घेणार नाही.

"तिस्वाहिन!" मी दारातून ओरडले. "तिस्वाहिन नाव होतं तिचं. खेड्यातलं जुनं नाव, सगळ्या जणींच्या मोलाची एकटी असा अर्थ होतो त्याचा. आणि होतीच ती. मी रोज भिंतीवरून तिला त्याच नावानं हाक मारायचे, आणि मेल्यावर मीच तिला न्हाऊ घातलं."

पुरुषांनी जमिनीकडे पाहिलं. कामिलचा चेहरा लालबुंद झाला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

मेजरनं कार्डावरचं नाव पडताळून पाहिलं. "बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण एका बाईच्या साक्षीवर मला सही करता येत नाही. दुसरं कोणी आणा. गाडी बाराला सुटते."

दहा वाजून गेले होते. तिचं नाव जाणणाऱ्या बायका किती उरल्या होत्या? एक मरून गेली, दुसरी करबल्याच्या यात्रेला, झियारतला गेलेली, तिचा फोन लागेना. पूल बंद, मोहल्ल्यात जाऊन यायला दोन तास. मी बाहेर शेडमध्ये येऊन फोनवर फोन लावत होते, येरझाऱ्या घालत होते, अगदी कामिलसारख्या.

"बस गं जरा," म्हातारी म्हणाली. "काय झालं?"

"आग लागो या रिवाजाला! बाईचं नाव म्हणजे काय चोरीचा माल आहे का? तुमचं नाव काय, हाजीबाई? तीन दिवस शेजारी बसलोय आणि मीसुद्धा विचारलं नाही."

"माझं?" ती हसली. "मला सगळे उम्म कामिल म्हणतात."

माझ्या हातातला फोन कानापाशीच राहिला.

"नाव, हाजीबाई. तुमचं स्वतःचं."

"रसमिया."

मी तिच्या मांडीवरच्या दिशदाशाकडे पाहिलं. आमचा कामिल माझ्या खांद्याएवढा. तो त्या सदऱ्यात दोनदा मावला असता.

आता जे मी केलं ते मी कोणाला सांगत नाही, पण इथं लिहिते. मी तिला खरं सांगायला हवं होतं. आई, आत आहे तो तुझा नाही, तो माझ्या गल्लीतला आहे. तू फक्त तेवढं सांगायला चल. पण मला भीती वाटली की ते ऐकल्यावर ती उठणारच नाही. किंवा आत येईल आणि तीन वर्षांच्या उपाशी डोळ्यांनी बघून "माझाच" म्हणेल. घड्याळ पळत होतं. मी म्हटलं, "हाजीबाई, चला. आत बोलावलंय."

ती झटकन उठली. त्या वयात एवढ्या चपळाईनं उठलेली बाई मी पाहिली नाही. डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं, गाठोडं छातीशी धरलं, वाटेत दोनदा मला विचारलं, "वाळलाय का गं तो? वाळलाच असेल." मी तिचा हात धरून चालत राहिले.

दारात मेजरला मी एवढंच सांगितलं, "या रसमिया. तुमच्या कागदावरच्या." तो खुर्चीतून उठला.

"हाजीबाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "हा तुमचा मुलगा आहे का?"

म्हातारीनं भिंतीकडे पाहिलं. मग खोलीभर पाहिलं, डॉक्टरकडे, गोलकीपरकडे, उस्तादाकडे, जणू तिचा मुलगा त्या खुर्च्यांमागे कुठंतरी असेल. मग परत कामिलकडे. ती चालत त्याच्या अगदी जवळ गेली. त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता ही हो म्हणणार. उन्हातून आलेली, थकलेली आई आहे, हिनं हो म्हटलं तर काय करायचं? जन्मात एका जागी न थांबलेला तो माणूस पापणीही न हलवता उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "हा माझा नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना बाळा." तिनं कामिलच्या गालावरून हात फिरवला आणि काढून घेतला. "हाही कोणाचातरी आहे. सोड त्याला."

मेजरनं लिहिलं. तिनं अंगठा उठवला, मी सही केली. "प्रस्तुत इसम तो नव्हे," असा कागद कामिलच्या हातात पडला. गोलकीपरनं त्याला मिठी मारली, उस्ताद देवाचं नाव घेत होता, डॉक्टर म्हणाला, "चल लवकर, माझी औषधं सडतायत." फाटकाबाहेर सगळे त्याला गाडीत ढकलायला लागले. गल्लीतून फोनांवर फोन येत होते, जनरेटर कधी सुरू होणार?

कामिल म्हणाला, "आधी यांना घरी सोडायचं."

"अरे, अबू अल-खसीब उलट्या दिशेला!"

"मग तुम्ही टॅक्सीनं जा. डॉक्टर, किल्ली द्या." डॉक्टरनं किल्ली दिली. तिघं कामिल रस्त्यात उभे राहिले आणि चौथा त्यांची गाडी घेऊन निघाला.

मी मागच्या सीटवर म्हातारीजवळ बसले.

"तुला माहीत होतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"हो."

तिनं गाठोडं या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतलं. त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. मला एवढी लाज जन्मात वाटली नाही. कामिल सुटल्याचा आनंद तिच्या शेजारी बसून मला धड होईना.

खजुरांच्या बागांत रस्ता संपतो तिथं तिनं गाडी थांबवली. पुढं पायवाट होती. कामिलनं उतरून तिला हात दिला, पाण्याची बाटली दिली, दर जुम्म्याला येऊन बघून जाईन म्हणाला. तिनं मान हलवली आणि झाडांमधून चालायला लागली. दहा-पंधरा पावलं गेली असेल. मग ती थांबली, वळली आणि मोठ्यानं हाक मारली, "कामिल!"

तो दार उघडून गाडीत बसतच होता. तसाच थांबला.

"काय गं, आई?"

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतंच."

ती तिथंच उभी राहिली, आणि तिनं पुन्हा एकदा हाक मारली.